उडता कॅमेरा आणि खालची माणसे

दिवाळीच्या खरेदीत किंवा बारावीच्या निकालाच्या आनंदात अलीकडे अनेक घरांत पाव किलोच्या आतबाहेर वजनाचा, चार पंख्यांचा ड्रोन येऊ लागला आहे. सोबतच्या पुस्तिकेत वाऱ्याचा वेग, बॅटरीची निगा, पात्यांची दिशा यांविषयी सविस्तर सूचना असतात. परंतु तो घेऊन मुलगा पहिल्याच रविवारी गावाबाहेरच्या तळ्यावर गेला, की त्याला वाऱ्यापेक्षा माणसांना अधिक तोंड द्यावे लागते, आणि त्यांच्याविषयी पुस्तिकेत एक ओळही नसते. कोणी कुतूहलाने जवळ येतो, कोणी दुरूनच हटकतो, कोणी हातात दगड घेऊन येतो. या तिघांशी वागण्याची रीत वेगवेगळी आहे, आणि ती घरातल्या मोठ्यांनी मुलांना आधीच समजावून द्यावी इतकी ही बाब गंभीर आहे.

ती गंभीर का, हे समजण्यासाठी फार मागे जावे लागत नाही. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यातील शिरूर, आंबेगाव, जुन्नर या भागांत आणि मराठवाड्यातील अनेक गावांत रात्री आकाशात ड्रोन फिरत असल्याची चर्चा पसरली. चोर आधी वरून घरे हेरतात आणि मग दरोडा घालतात, अशी समजूत झाली. गावोगाव तरुण काठ्या घेऊन रात्रीची गस्त घालू लागले. २०२५ मध्ये उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात याच समजुतीने पुन्हा डोके वर काढले. अशा वातावरणात अनोळखी माणसाच्या हाती रिमोट दिसणे पुरेसे असते. अफवा माणसाला कोठवर नेते, हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे पाहिले आहे. तेथे ड्रोन नव्हता; मुले पळवणारी टोळी आल्याची केवळ वदंता होती, आणि भिक्षा मागून पोट भरणारे पाच निरपराध लोक जमावाच्या हातून मारले गेले. ‘आपण काही वाईट करत नाही, मग भ्यायचे कशाला?’ हा युक्तिवाद तेथे कोणाच्या उपयोगी पडला नाही.

खाली उभ्या असलेल्या माणसाच्या जागी क्षणभर जाऊन पाहावे. त्याला आधी ऐकू येते ती मधमाश्यांच्या थव्यासारखी घूं-घूं. वर पाहिले तर एक काळा ठिपका एका जागी स्थिर आहे. तो कोणाचा, कोठून आला, कोणाकडे पाहतो आहे, काहीच कळत नाही. रस्त्यावर कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्या माणसाला निदान तोंड असते, त्याला विचारता येते. ड्रोनला तोंड नाही. भीतीचे मूळ या अज्ञातात आहे. म्हणून उडवणाऱ्याने झाडामागे किंवा गाडीत बसून उडवणे हा सर्वांत मोठा अविचार होय. मोकळ्या जागी, सर्वांना दिसेल असे उभे राहावे, उतरण्याच्या जागी रंगीत कापड पसरावे, अंगात रस्त्यावरचे कामगार घालतात तसले चमकपट्ट्यांचे जाकीट असावे. चोर असे उभे राहत नाहीत, हे पाहणाऱ्याला न सांगता कळते.

कॅमेऱ्याला वरून नेमके काय दिसते, याविषयीही दोन्ही बाजूंना गैरसमज असतात. छंदाच्या ड्रोनवर बहुधा विस्तृत दृश्य टिपणारे, सुमारे २४ मिलिमीटर समतुल्य भिंग असते. १२० मीटर उंचीवरून असे भिंग जवळजवळ १८० मीटर रुंदीचा पट्टा एका चित्रात घेते, आणि त्यात माणसाचा चेहरा तीन-चार ठिपक्यांत मावतो. तेवढ्यावरून सख्खा भाऊही ओळखू येणार नाही. पण म्हणून ‘काका, यात काहीच दिसत नाही’ असे सरसकट ठोकून देणे खोटे ठरेल. तोच ड्रोन १५ मीटरवर आला तर माणूस स्पष्ट ओळखू येतो, आणि काही नव्या ड्रोनमध्ये दूरचे जवळ आणणारे भिंगही असते. समोरच्याची शंका निराधार असेल, पण ती मूर्खपणाची नाही.

म्हणून बोलण्यापेक्षा दाखवणे बरे. कोणी तावातावाने येताना दिसला, की प्रथम ड्रोनची काळजी घ्यावी. हवेत यंत्र आणि समोर भांडण, अशी दोन कामे एका वेळी होत नाहीत. नजर वरून हटली की ड्रोन तारेत किंवा झाडात जातो आणि मग प्रकरण आणखी चिघळते. ‘रामराम काका, दोन मिनिटे द्या, खाली उतरवतो आणि सगळे दाखवतो,’ एवढे शांतपणे म्हणावे. आलेल्यांना चार पावले मागे थांबण्याची विनंती करावी, कारण फिरती पाती बोटे कापतात आणि पोरे नेमकी उतरत्या ड्रोनखाली धावतात. उतरल्यावर पाती थांबवावीत आणि पडदा त्यांच्या हाती द्यावा. स्वतःचे शेत, विहीर, गावाचे देऊळ वरून दिसले, की निम्म्याहून अधिक राग तेथेच ओसरतो. पुष्कळदा पुढचा प्रश्न ‘आमच्या ऊसाचा एक फोटो काढून द्याल का?’ असा येतो. तो काढून द्यावा.

दुकानात वळकटी घेऊन परत आलेल्या, रागावलेल्या गिऱ्हाइकाशी वडील कसे बोलतात, हे व्यापारी घरातल्या मुलांनी लहानपणापासून पाहिलेले असते. गिऱ्हाइकाला आधी बोलू द्यायचे, आवाज चढवायचा नाही, पावती मागण्याआधी पाणी विचारायचे. तेच येथे चालते. मात्र पेढीवर आपण आपल्या जागेत असतो, माळरानावर त्यांच्या. ‘हा नियम पाहा, मला हक्क आहे’ हे वाक्य कायद्याने बरोबर असले, तरी तेथे उच्चारण्याच्या लायकीचे नसते.

कायदा अर्थात माहीत हवाच. २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ आणि त्यापुढे २ किलोपर्यंतचा ‘मायक्रो’ गणला जातो. नॅनोसाठी, तसेच व्यवसायाविना मायक्रो उडवण्यासाठी वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही. पण नोंदणी आणि ओळख क्रमांक लागतो. २०२२ पासून परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, तेव्हा स्वस्तात मिळणाऱ्या यंत्राची नोंदणी होऊ शकेल का, हे खरेदीपूर्वीच विक्रेत्याला विचारावे. नकाशात हरित क्षेत्र असेल तर १२० मीटरपर्यंत परवानगीविना उडवता येते. विमानतळाच्या सीमेपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटर आहे. पिवळ्या आणि लाल क्षेत्रात परवानगीविना जाऊच नये. शिवाय पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरते लाल क्षेत्र म्हणून घोषित करू शकतो, आणि मुंबईसारख्या शहरात पोलीस आयुक्तालय वेळोवेळी वेगळे मनाई आदेश काढते. कालचा हिरवा नकाशा आज हिरवा असेलच असे नाही.

एका ठिकाणी मात्र समोरच्याचा राग पूर्णपणे न्याय्य असतो. नदीचा घाट, गच्चीवर वाळवणे घालणाऱ्या बायका, वसतिगृहाच्या खिडक्या यांवरून ड्रोन फिरवणे ही गंमत नव्हे. खासगी क्षणात स्त्रीला न्याहाळणे किंवा तिचे चित्रण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. हेतू डोंगराचे चित्र घेण्याचा होता, हे नंतर पटवणे कठीण जाते. सकाळी घाटावर वर्दळ असेल तर ड्रोन पिशवीतच राहू द्यावा.

रागाला विचार सोडून गेला असेल, तर समजूत काढण्याचा हट्ट धरू नये. मद्यपी, दगड उचललेला माणूस किंवा वाढत जाणारा घोळका यांच्यासमोर यंत्र उतरवून, सामान आवरून निघून जाणे हेच शहाणपण. ड्रोन दूर असेल आणि लोक उडवणाऱ्याभोवती गोळा होत असतील, तर तो दुसऱ्या मोकळ्या जागी उतरवून नंतर आणता येतो. यंत्र हिसकावण्याचा किंवा फोडण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण तो मुद्दा ठाण्यात मांडायचा असतो, शिवारात नव्हे. वाट अडवली गेली तर ११२ क्रमांक लावावा. गणवेशातील पोलीस आले की नोंदणीची कागदपत्रे विनातक्रार दाखवावीत. आणि एकट्याने जाऊच नये: एकाने उडवावे, दुसऱ्याने बोलावे.

पुराव्याचे मोल परदेशातल्या दोन प्रकरणांतून कळते. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात मे २०१४ मध्ये समुद्रकिनारी ड्रोन उडवणाऱ्या १७ वर्षांच्या मुलावर एका तरुणीने हल्ला केला. त्याने फोनवर चित्रण सुरू ठेवले होते म्हणून खरे काय ते पुढे आले आणि आरोप तिच्यावर ठेवला गेला. जुलै २०१५ मध्ये केंटकीतील हिलव्ह्यू येथे एका घरमालकाने अंगणावरचा ड्रोन बंदुकीने पाडला. तो अगदी खाली आला होता असे मालक म्हणे. उडवणारा यंत्रातली उंचीची नोंद दाखवी. स्थानिक न्यायाधीशांनी घरमालकावरील आरोप रद्द केले. नोंद असूनही निकाल आपल्या बाजूने लागेलच असे नाही, हेही त्यातून दिसते. तरी प्रत्येक उड्डाणाची उंची, वेळ आणि मार्ग यंत्र स्वतः लिहून ठेवते. ती नोंद पुसू नये.

खेड्यांत भीतीवर उत्तर सापडले आहे ते निराळेच. गावठाणातील घरांची मालकी ठरवण्यासाठी एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत देशभर गावांवरून ड्रोन उडाले. तेथे आधी ग्रामसभेत माहिती दिली जाते आणि घरांच्या हद्दीवर चुन्याच्या रेघा आखल्या जातात. ड्रोन येतो त्या दिवशी गाव त्याची वाट पाहत असते. छंदासाठी ग्रामसभा भरत नाही; पण पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना आदल्या दिवशी एक फोन करता येतो, आणि पोहोचल्यावर चहाच्या टपरीवर दहा मिनिटे बसता येते. टपरीवर सांगितलेली बातमी अर्ध्या तासात गावभर होते. पुढे कोणी हटकले, तर दुसराच कोणी परस्पर सांगतो, ‘अरे, ते सकाळी भेटले की, तळ्याचे चित्र काढतायत.’

रथयात्रा, वरात किंवा प्रतिष्ठा महोत्सवाचे चित्रण व्यावसायिकाकडे दिले असले, तरी ही जबाबदारी आयोजकांवरच येते. गर्दीच्या थेट डोक्यावरून ड्रोन नेऊ नये, कडेने न्यावा. मिरवणुकीतले घोडे त्या आवाजाने बुजतात आणि घारी अंगावर धावून येतात, तेव्हा दोघांपासून अंतर राखावे. मार्गावरच्या वाड्यांना, विशेषतः आपल्या समाजाबाहेरच्या घरांना, आदल्या संध्याकाळी एका कार्यकर्त्याने दारोदार जाऊन सांगावे की उद्या ८ ते ९ या वेळेत वरून ड्रोन जाईल, तो अमुक मैदानातून उडेल आणि काही अडचण असल्यास या क्रमांकावर कळवावे. निमंत्रण पत्रिकेचा एक गठ्ठा त्याच फेरीत वाटून होतो.