सुटींतील प्रवास आणि सर्वांस रुचणारें उपाहारगृह

गेल्या मे महिन्याच्या सुटींत मी, मुलगा, सून आणि पंधरा वर्षांचा नातू असे चौघे साताऱ्याहून मुंबईस गेलों होतों. पहिल्या दिवशीं मीं हट्टानें सर्वांस एका जुन्या खाणावळींत नेलें. नातवानें दोन पोळ्या कशाबशा संपविल्या आणि संध्याकाळपर्यंत तो कोणाशीं धड बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्याच्या पसंतीच्या ठिकाणीं गेलों. तेथें संगीताचा गोंगाट एवढा, कीं शेजारच्याचें बोलणें मला ऐकूं येईना. पदार्थांच्या यादींतलें कांहींच उमजेना, तेव्हां मीं नुसता चहा घेतला. दोन्ही दिवस पैसे खर्च झाले. परंतु ज्यासाठीं घर सोडलें तो सहवास कांहीं घडला नाहीं. दोन-तीन वर्षांत हा मुलगा शिक्षणासाठीं परगांवीं जाईल. अशा सुट्या आतां मोजक्याच उरल्या आहेत, या जाणिवेनें मी त्या रात्रीं या प्रश्नाचा विचार करूं लागलों.

हा भेद केवळ चवीचा आहे असें आपण समजतों. परंतु तो पुष्कळसा वेळेचा आणि निवडीचा आहे. या वयांत शरीर झपाट्यानें वाढत असतें, म्हणून भूक मोठी असते आणि ती अवेळींहि लागते. झोपेची वेळहि या वयांत निसर्गतःच पुढें सरकते. तेव्हां सकाळीं उशिरां उठणें हा सर्वस्वी आळस नव्हे. शिवाय आपलें ताट आपण निवडावें ही इच्छा याच वयांत प्रबळ होते. उलट वडील माणसांस वेळच्या वेळीं जेवण, बेताचें तिखट, बोलण्यापुरती शांतता आणि आटोक्यांतला खर्च हवा असतो. यावरून निष्कर्ष असा निघतो, कीं एकाच मेजावर बसून प्रत्येकास आपापला पदार्थ मागवितां यावा, तो लवकर यावा आणि वेळेचें बंधन सैल असावें, अशी जागा शोधावी.

मुंबईंत अशा जागांच्या दोन जुन्या परंपरा आहेत. पहिली उडुपी पद्धतीच्या उपाहारगृहांची. माटुंग्यास १९४० सालीं निघालेलें कॅफे मद्रास आहे. इडली आजोबांनीं घ्यावी, डोसा नातवानें. मागविल्यावर दोघांसहि फार थांबावें लागत नाहीं. त्याच भागांत १९४२ सालीं सुरू झालेलें रामा नायक यांचें उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे. तेथें केळीच्या पानावर जेवण मिळतें; वाढत्या वयाच्या भुकेस तें उत्तम.

दुसरी परंपरा इराणी उपाहारगृहांची. धोबी तलावाजवळील कयानी १९०४ सालचें. तेथें वडिलांनीं चहा आणि ब्रून मस्का घ्यावा, मुलांनीं ऑम्लेट किंवा मावा केक. बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया १९२३ सालचें. तेथील बेरी पुलाव प्रसिद्ध आहे. परंतु तें दुपारच्या जेवणाचें स्थान आहे, हें ध्यानांत ठेवावें. या जागांस इतिहास असल्यामुळें वडिलांस सांगावयास विषय मिळतो आणि मुलांस छायाचित्र काढण्याजोगें दृश्य मिळतें.

परगांवीं अशी ठिकाणें ठाऊक नसतात. तेव्हां कांहीं साध्या गोष्टी पाळाव्या. निघण्यापूर्वींच ठरवावें, कीं एक जेवण मुलांच्या पसंतीचें आणि एक वडिलांच्या. मात्र एकमेकांच्या निवडीबद्दल कुरकुर करूं नये. भूक अनावर होण्याआधीं निघावें, कारण उपाशी माणसाचा निर्णय बहुधा चुकतो. आंत शिरण्यापूर्वीं मेजांकडे पाहावें. स्थानिक कुटुंबें मुलाबाळांसह बसलेलीं असल्यास ती चांगली खूण समजावी. अन्नसुरक्षेचा १४ अंकी परवाना क्रमांक लावलेला आहे कीं नाहीं हेंहि पाहावें. पहिल्यानें थोडेंच मागवावें. आवडल्यास पुन्हां मागवितां येतें. आणि मुलांच्या हातांतील दूरध्वनीवर वाटेल तेवढे अभिप्राय दिसले, तरी कोणत्या पदार्थाविषयीं काय लिहिलें आहे तें वाचावें. नुसत्या ताऱ्यांच्या संख्येवर विसंबूं नये.

तिसऱ्या दिवशीं जागा शोधण्याचें काम मीं नातवावर सोंपविलें. अट एवढीच घातली, कीं मला ऐकूं आलें पाहिजे. तो आम्हांस दुपारीं चार वाजतां, गर्दी ओसरल्यावर, माटुंग्यास घेऊन गेला. त्यानें दोन डोसे खाल्ले, मीं इडली घेतली. मीं न विचारतां त्यानें आपल्या डोशाचा एक तुकडा माझ्या ताटलींत ठेवला आणि मग विचारलें, "आजोबा, तुम्ही माझ्याएवढे होतां तेव्हां हॉटेलांत काय खात होतां?" आमच्या घरीं हॉटेलांत जाण्याची परवानगीच नव्हती, हें ऐकून त्यास फार नवल वाटलें. त्या एका उत्तरांतून पाऊण तास बोलणें झालें. सुटीचा खरा खर्च त्या दिवशीं वसूल झाला.