परदेशातली उमेदवारी : स्पेनला मुलगा पाठवण्याआधी करारनामा वाचा

न्हावरे, शिरूर, दौंड या पट्ट्यातील आपल्या व्यापारी व कारागीर घरांतून आता मुले-मुली डिप्लोमा, इंजिनिअरिंग, बी.कॉम., हॉटेल मॅनेजमेंट असे शिक्षण घेऊ लागली आहेत. बाप दुकानात बसतो किंवा मशीन चालवतो आणि मुलगा पुण्याच्या कॉलेजातून येऊन सांगतो, "अब्बा, सहा महिन्यांची इंटर्नशिप आहे, स्पेनमध्ये, बार्सिलोनाला." बापाला बार्सिलोना माहीत नसते आणि इंटर्नशिप म्हणजे नोकरी की शिक्षण हेही कळत नाही. एजंट मात्र दारात हजर असतो. घरातील सोने मोडायचे की नाही, हा प्रश्न मग जेवणाच्या दस्तरखानावर येतो. म्हणून हा व्यवहार नेमका काय आहे, हे व्यापाऱ्याच्या नजरेने समजून घेऊ या.

ही शागिर्दीच आहे

आपल्याकडे शिंपी, जरीवाला, फिटर, सुतार यांची मुले उस्तादाच्या हाताखाली बसत आली. मराठीत त्याला उमेदवारी म्हणतात, उर्दूत शागिर्दी. आपल्या देशात 1961 च्या ॲप्रेंटिस कायद्याने तिला लेखी रूप दिले. करार नोंदवायचा आणि उमेदवाराला विद्यावेतन द्यायचे, असा तो कायदा आहे. स्पेनमध्ये याच गोष्टीला 'प्राक्तिकास' म्हणतात, दक्षिण अमेरिकेतील अनेक देशांत 'पासांतिया'. नाव वेगळे, पण माल तोच: शिकाऊ माणूस ठरावीक मुदतीसाठी कामावर बसतो, हुनर शिकतो आणि दाखला घेऊन परततो.

फरक एका ठिकाणी आहे आणि तो खिशाला लागतो. स्पेनमध्ये प्राक्तिकासचे दोन प्रकार आहेत. एक अभ्यासक्रमाचा भाग असलेली, जी केल्याशिवाय पदवी पूर्ण होत नाही. दुसरी अभ्यासक्रमाबाहेरची, ऐच्छिक. दोन्हींत कंपनीने पगार दिलाच पाहिजे असे नाही. काही कंपन्या दरमहा मदत देतात, काही एक पैसाही देत नाहीत. 1 जानेवारी 2024 पासून मात्र बिनपगारी शिकाऊ असला तरी त्याच्या नावाने तिकडच्या सामाजिक सुरक्षा खात्यात नोंद करणे बंधनकारक झाले आहे. मुलगा खरोखर कायदेशीर कामावर बसला आहे की कुणाच्या दुकानात फुकट राबतो आहे, हे या नोंदीवरून कळते.

आपल्या भागाचा स्पेनशी संबंध काय?

वाटते त्यापेक्षा जास्त आहे. न्हावऱ्याजवळच्या रांजणगाव औद्योगिक वसाहतीत आणि पुढे चाकणला आपल्या गावांतील शेकडो मुले कामाला जातात. चाकण परिसरात मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या स्पॅनिश कंपन्यांचे कारखाने आहेत. सीआयई ऑटोमोटिव्हचे मुख्यालय बिल्बाओ शहरात आहे. या कंपनीने 2013 मध्ये महिंद्राच्या सुट्या भागांच्या धंद्यात हात घातला. गेस्टाम्प माद्रिदची आणि ग्रुपो अँटोलिन बुर्गोस शहराची. अशा कारखान्यात इथे उमेदवारी केली म्हणून कुणी थेट बिल्बाओला पोहोचत नाही. पण तिथले यंत्र, तिथली काम करण्याची शिस्त आणि तिथल्या साहेबाची भाषा ज्याला थोडीफार येते, त्याच्या अर्जाला वजन येते.

स्पॅनिश बोलणारे शहर म्हणजे फक्त स्पेन नव्हे. सुमारे 20 देशांचा कारभार या भाषेत चालतो आणि जवळपास 50 कोटी लोकांची ती मातृभाषा आहे. टाटा कन्सल्टन्सीने 2002 मध्ये उरुग्वेच्या मॉन्टेव्हिडिओ शहरात केंद्र उघडले. आकुर्डीच्या बजाज ऑटोच्या मोटारसायकली कोलंबिया, मेक्सिकोत विकल्या जातात. मराठी माणसाला तर ही वाट शंभर वर्षांपूर्वीच माहीत झाली होती. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे अमेरिकेत मिळेल ते काम करून शेतीशास्त्र शिकले. देशाच्या स्वातंत्र्यासाठी लढल्यामुळे त्यांना परत येणे अशक्य झाले, तेव्हा 1924 मध्ये ते मेक्सिकोला गेले. तिथे चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांनी स्पॅनिश भाषेत शिकवले, मक्याच्या वाणांवर संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांच्या मुलांसाठी मोफत शेतीशाळा चालवल्या. 2022 मध्ये चापिंगोला त्यांचा पुतळा बसला. शिकायला गेलेला माणूस त्या मातीची भाषा आणि काम दोन्ही आत्मसात करतो, तेव्हाच तिथे त्याची किंमत होते, हे या उदाहरणातून दिसते.

कापडवाल्याने काय पाहावे

आमच्या कापड धंद्यातील बांधवांनी ला कोरुन्या हे नाव लक्षात ठेवावे. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातील हे बंदराचे शहर. अमान्सिओ ओर्तेगा नावाचा रेल्वे कामगाराचा मुलगा तिथे कोवळ्या वयात एका शर्टाच्या दुकानात पोरगा म्हणून कामाला लागला. 1963 मध्ये त्याने घरात घालायचे गाऊन शिवण्याचा छोटा कारखाना काढला आणि 1975 मध्ये त्याच शहरात झारा नावाचे पहिले दुकान थाटले. 2010 मध्ये टाटांच्या ट्रेंटबरोबर भागीदारी करून झारा भारतात आली.

या कंपनीचे गमक आपल्याला उपयोगी आहे. हंगामाचा माल सहा महिने आधी भरून गोदाम गच्च करायचे, ही आपली जुनी चाल. त्यांनी ती मोडली. ते थोडा माल शिवतात, दुकानात आठवड्यातून दोनदा नवा माल पाठवतात, गिऱ्हाईक काय मागते ते दुकानातून रोज कळवून घेतात आणि चालणारा माल लगेच पुन्हा शिवतात. न विकलेला माल हाच कापडवाल्याचा खरा तोटा असतो. आपला मुलगा असा हिशेब सहा महिने डोळ्यांनी पाहून आला, तर भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मालाकडे तो वेगळ्या नजरेने पाहील. कापडाचे शास्त्र शिकायचे असेल तर बार्सिलोनाजवळचे तेरासा आणि वॅलेन्सियाकडचे आल्कॉय ही जुनी गिरण्यांची गावे आहेत, दोन्हीकडे वस्त्र अभियांत्रिकीचे शिक्षण मिळते.

भाषा आपल्याला वाटते तितकी परकी नाही

स्पेनवर अनेक शतके अरबी भाषेची छाया होती आणि तिची खूण बाजारातल्या शब्दांत राहिली आहे. ज्यांनी उर्दू शाळेत 'मख़ज़न' हा शब्द वाचला, त्यांना गोदामाला 'आल्मासेन' म्हणतात हे सांगताच ओळख पटते. कापूस म्हणजे 'आल्गोदोन', अरबीतला क़ुत्न. कस्टम म्हणजे 'आदुआना', आपला दिवाण. दरपत्रक म्हणजे 'तारिफा'. अमका-फलाना यातला फलाना तिकडे 'फुलानो' झाला. आणि आपल्या ऊसपट्ट्यातील साखर? संस्कृत शर्करा, फारसी शकर, अरबी सुक्कर असा प्रवास करत ती स्पेनमध्ये 'आसुकार' झाली. मोठ्या माणसाला ते 'उस्तेद' म्हणतात. हा शब्द उस्तादवरून आला असे पुष्कळ जण सांगतात, पण तो 'वुएस्त्रा मेर्सेद' म्हणजे 'आपली मेहेरबानी' याचा आखूड केलेला प्रकार आहे.

पण शब्दांची ओळख म्हणजे भाषा नव्हे. कारखान्यात फोरमन इंग्रजी बोलेल अशी आशा धरू नये. बार्सिलोनात तर स्पॅनिशबरोबर कातालान भाषाही चालते. 'देले' नावाची परीक्षा स्पेनच्या सर्वांतेस संस्थेची आहे, या संस्थेचे केंद्र नवी दिल्लीत 2009 पासून आहे. परीक्षेच्या ए1 ते सी2 अशा सहा पायऱ्या आहेत. निदान ए2, शक्य तर बी1 गाठल्याशिवाय मुलाला पाठवू नये. पाठवण्याचे ठरण्याच्या एक वर्ष आधी भाषा सुरू करावी. बेत फिसकटला तरी भाषा वाया जात नाही.

कागदपत्रे आणि खर्च

जाण्याच्या वाटा मुख्यतः दोन. पहिली, स्पेनमधील विद्यापीठात किंवा मान्य संस्थेत प्रवेश घेऊन विद्यार्थी व्हिसावर जायचे आणि अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायचे. 2022 च्या नियमबदलानंतर अशा विद्यार्थ्याला आठवड्याला 30 तासांपर्यंत काम करता येते. दुसरी, थेट प्राक्तिकासच्या परवानगीवर जायचे. ही वाट सध्या शिकत असलेल्यांना किंवा गेल्या 2 वर्षांत पदवी घेतलेल्यांना खुली आहे. यात कंपनीचा करार आणि तिकडची परवानगी आधी, व्हिसा नंतर.

दोन्हींत मुख्य कागद एकच: 'कॉन्वेनिओ', म्हणजे विद्यार्थी, शिक्षणसंस्था आणि कंपनी या तिघांच्या सह्यांचा करारनामा. त्यात कामाचे स्वरूप, पत्ता, तास, मुदत, मिळणारी रक्कम, विमा आणि दोन्हीकडच्या देखरेख करणाऱ्या माणसांची नावे असतात. याशिवाय गुणपत्रिका, जन्मदाखला अशा कागदांवर परराष्ट्र मंत्रालयाचा ॲपोस्टिल शिक्का लागतो. भारत 2005 पासून या व्यवस्थेत आहे. त्यांचे स्पॅनिश भाषांतरही मान्यताप्राप्त भाषांतरकाराकडून करून घ्यावे लागते. मुक्काम सहा महिन्यांपेक्षा जास्त असेल तर पोलीस दाखला आणि वैद्यकीय दाखलाही हवा, आणि पोहोचल्यावर महिनाभरात तिकडचे ओळखपत्र काढायला जावे लागते. महाराष्ट्रातील अर्ज मुंबईच्या स्पॅनिश वकिलातीकडे जातात. पासपोर्टवरील आणि शाळेच्या दाखल्यावरील नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, हे आधी पाहावे. आपल्या नावांत 'शेख' पुढे की मागे, 'मोहम्मद' पूर्ण की 'मो.', यावरून कितीतरी अर्ज अडकतात.

आता हिशेब. 2025 मध्ये विद्यार्थी व्हिसासाठी दरमहा किमान 600 युरो खर्चण्याची ऐपत दाखवावी लागत होती. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर महिन्याला 60 हजार, सहा महिन्यांना 3 लाख 60 हजार रुपये. ही किमान रक्कम झाली. बार्सिलोना, माद्रिदसारख्या शहरात घरभाडेच त्यातला मोठा भाग खाते. विमान, विमा, फी आणि भाषांतराचा खर्च वेगळा. या खर्चाला कंपनीकडून किती मिळणार, ते कॉन्वेनिओत लिहिलेल्या आकड्यावरून धरावे, तोंडी वायद्यावरून नव्हे. व्याजी कर्जाचा प्रश्न आपल्या घरांत येतोच. ज्यांना उधारीशिवाय जमत नाही त्यांनी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी करावी. केंद्राची 'पढो परदेश' ही व्याज-अनुदान योजना मात्र 2022-23 पासून बंद आहे. तिच्या नावाने कुणी फॉर्म भरून घेत असेल तर तो फसवत आहे, असे समजावे.

एजंटाची पारख

माझ्या ओळखीतील एका टेलर मास्तरांकडे एक एजंट आला होता. चार लाख द्या, मुलाला बार्सिलोनात पगारी इंटर्नशिप लावतो, म्हणाला. मास्तर कागद घेऊन माझ्याकडे आले. कागद एका भाषाशाळेच्या प्रवेशाचा होता. कंपनीचे नाव नाही, कामाचा पत्ता नाही, तिघांच्या सह्या तर दूरच. मास्तरांनी एजंटाकडे कॉन्वेनिओ मागितला. आठवडा गेला, महिना गेला, तो आलाच नाही, आणि मास्तरांचे पैसे त्यांच्याकडेच राहिले. मालाचे चलन नसेल तर आपण गाठोडे उतरवून घेत नाही, तसेच हे.

परदेशात नोकरीला माणसे पाठवणाऱ्या एजंटाला 1983 च्या कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते. तो आपला नोंदणी क्रमांक सांगू शकला पाहिजे. विद्यार्थ्यांना प्रवेश मिळवून देणारे सल्लागार या कायद्यात येत नाहीत, आणि नेमक्या याच फटीतून लबाडी शिरते. म्हणून प्रवेशपत्र आले तर त्या संस्थेला आणि करार आला तर त्या कंपनीला कॉलेजमार्फत थेट विचारावे. कॉलेजचा प्लेसमेंट विभाग सही करायला तयार नसेल तर व्यवहार तिथेच थांबवावा.

तिथले दिवस

तिकडे दुपारचे जेवण दोननंतर, रात्रीचे नऊनंतर. लहान दुकाने दुपारी काही तास बंद असतात. ऑगस्टमध्ये बरेच कारखाने, कचेऱ्या सुटीवर जातात, तेव्हा त्या महिन्यात सुरू होणारी उमेदवारी घेऊ नये. जेवणात डुकराचे मांस फार चालते, म्हणून 'सिन सेर्दो' म्हणजे 'त्याशिवाय' हे दोन शब्द पहिल्याच दिवशी पाठ हवेत. बार्सिलोनाच्या रावाल वस्तीत पाकिस्तानी व बांगलादेशी दुकानदार पुष्कळ, हलाल मांस आणि उर्दू दोन्ही मिळते. मुलाला त्याचा आधार वाटेल. पण सहा महिने त्याच गल्लीत उर्दू बोलून घालवले, तर शिकायला गेलेला मुलगा नुसता राहून येईल.

मुलगी जाणार असेल तर राहण्याची जागा निघण्याआधी लेखी ठरलेली असावी, शक्यतो विद्यापीठाच्या वसतिगृहात. मुलगा असो वा मुलगी, पासपोर्टची मूळ प्रत कुठल्याही मालकाच्या हाती ठेवू नये.

परत आल्यावर मुलाने दुकानात बसावे की चाकणला नोकरी धरावी, हा त्याचा आणि घराचा प्रश्न. पण त्याच्या हाती कंपनीचा सही-शिक्क्याचा दाखला आणि देलेचे प्रमाणपत्र असले पाहिजे. तूर्त ज्या घरात हा विषय निघाला असेल, त्यांनी या आठवड्यात तीन कामे करावीत: पासपोर्टवरचे नाव तपासावे, पुण्यात स्पॅनिशच्या पहिल्या वर्गाची चौकशी करावी आणि कॉलेजात जाऊन विचारावे की कॉन्वेनिओवर सही कोण करणार.