नंदीला शेंगा, शेंगांना अंधार

भुईमुगाची शेंग फांदीला लागते की मुळाला? उद्या वर्गात विचारून बघा. कोणी म्हणेल, ‘फांदीला, वाटाण्याला लागते तशी.’ ज्यांनी शेतात शेंगा उपटल्या आहेत ते हसतील आणि म्हणतील, ‘अरे, मुळाला!’ मग तुम्ही ऐटीत सांगा, ‘दोघंही चुकलात.’

बरोबर उत्तर मोठं गमतीचं आहे. पण ते लगेच सांगणार नाही. आधी एका जत्रेत जाऊ या. जत्रा आहे बंगळुरूची, आणि तीही नुसत्या शेंगांची!

बंगळुरू म्हटलं की आपल्याला आठवतात संगणकाच्या कंपन्या, मेट्रो आणि तास-तास हलत नाही अशी वाहनांची गर्दी. पण हे शहर सणाजत्रांच्या बाबतीत फार हौशी आहे. लालबागेत २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या सुमाराला फुलांचं प्रदर्शन भरतं. चैत्री पौर्णिमेच्या रात्री करगा नावाची मिरवणूक निघते आणि जुन्या पेठांतून पहाटेपर्यंत फिरते. माझं मन मात्र बसवनगुडी भागातल्या ‘कडलेकायी परिषे’वर जडलंय. कडलेकायी म्हणजे भुईमुगाची शेंग आणि परिषे म्हणजे जत्रा.

कार्तिक महिन्यातल्या शेवटच्या सोमवारी ही जत्रा भरते. पूर्वी एक-दोन दिवसांत आटपायची, हल्ली जास्त दिवस चालते. नंदीच्या देवळासमोरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना शेंगांचे ढीगच ढीग. कच्च्या, भाजलेल्या, मिठाच्या पाण्यात उकडलेल्या. एक दाण्याच्या, दोन दाण्यांच्या, तीन दाण्यांच्या, पांढरट टरफलाच्या, लालसर टरफलाच्या. शेतकरी आणि विक्रेते कर्नाटकातून येतात, तसे शेजारच्या आंध्र आणि तमिळनाडूतूनही येतात. मापानं शेंगा ओतल्या जातात आणि वर एक मूठ फुकट मागायची असते. ती मागितली नाही तर जत्रेत जाऊन काय उपयोग? जोडीला पाळणे, बांगड्या, पिपाण्या, चुरमुरे हे सगळं असतंच. आणि पायाखाली टरफलांचा थर, चालताना कुर्रकुर्र वाजणारा.

जत्रेचा मानकरी आहे दोड्ड बसवण्णा, म्हणजे थोरला नंदी. एकाच दगडातून कोरलेला हा नंदी सुमारे साडेचार मीटर उंच आणि सहा मीटर लांब आहे. तेल चोळून चोळून तो काळा कुळकुळीत झालाय. १५३७ मध्ये बंगळुरू वसवणाऱ्या केंपेगौडानं हे देऊळ बांधलं असं मानतात.

गोष्ट अशी सांगतात की इथे पूर्वी भुईमुगाची शेतं होती. रात्री एक बैल यायचा आणि उभं पीक फस्त करून जायचा. शेतकरी पाळतीवर बसले. बैल दिसला, पण लोक धावले तसा तो दगडाचा होऊन बसला! शेतकरी घाबरले. त्यांनी त्याचं देऊळ बांधलं आणि नवस केला, की बाबा, दरवर्षी पहिल्या शेंगा तुला वाहू, पण शेतात शिरू नकोस. म्हणे तो दगडाचा बैल तरीही वाढतच होता, म्हणून त्याच्या कपाळावर त्रिशूळ बसवला, तेव्हा कुठे थांबला.

आता जरा डोकं खाजवा. भुईमूग मुळात आपल्याकडचा नाहीच. तो दक्षिण अमेरिकेतला. कोलंबस अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला १४९२ मध्ये आणि वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ मध्ये. त्यानंतरच केव्हातरी जहाजांतून शेंगा आपल्याकडे आल्या. मग केंपेगौडाच्या काळात इथे भुईमुगाची शेतंच्या शेतं डोलत होती का? मला तर वाटतं नंदी आधीचा आणि त्याची ही शेंगा खाण्याची सवय नंतरची. गोष्टींना असं नवीन खाणं चिकटतं. पण हे त्या देवळासमोर उभं राहून मोठ्यानं म्हणू नका हं!

जत्रेची तारीख मात्र लोकांनी फार विचारानं निवडली आहे. जून-जुलैत पेरलेला भुईमूग साडेतीन-चार महिन्यांनी निघतो. शेंगा काढायच्या, वाळवायच्या, पोत्यात भरायच्या आणि कार्तिक संपता संपता जत्रेत. नंदीला नैवेद्य ताज्या पिकाचा मिळतो आणि शेतकऱ्याला रोख पैसे.

या जत्रेला आता जोडीदारही मिळालाय. बंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत होतं, हे इतिहासात वाचलं असेलच. त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी तिथल्या मल्लेश्वरम भागातलं काडु मल्लेश्वराचं देऊळ बांधलं असं मानतात. आता त्या देवळापाशीही शेंगांची जत्रा भरू लागली आहे.

बरं, आता आपलं कोडं.

भुईमुगाला पेरल्यापासून महिनाभरात फुलं येतात. छोटी, पिवळीधमक, आणि चांगली जमिनीच्या वर, पानांच्या बेचक्यात. पहाटे उमलतात आणि दुपारपर्यंत मलूल होतात. बहुतेक फुलांना मधमाशीचीही गरज नसते, स्वतःचेच पराग स्वतःला पुरतात. फूल वाळून गेलं की बहुतेक झाडं काय करतात? त्याच जागी फळ धरतात. भुईमूग तसं करत नाही. चार-सहा दिवसांनी फुलाच्या जागेतून एक जांभळट काडी बाहेर पडते आणि दाभणासारखी टोकदार होऊन सरळ खाली, जमिनीकडे निघते. आपले शेतकरी हिला आरी म्हणतात. ‘आऱ्या सुटल्या’ हे शब्द भुईमूग लावणाऱ्या कुठल्याही घरात ऐकू येतील.

आरी मूळ नाही. तिच्या टोकात होणारे दाणे, अगदी टाचणीच्या डोक्याहून बारीक, दडलेले असतात. त्यांना घेऊन ती गुरुत्वाकर्षणाच्या दिशेनं वाढते, मातीत चार-पाच सेंटिमीटर घुसते, तिथे आडवी होते आणि मग तिचं टोक फुगायला लागतं. तीच शेंग! म्हणजे शेंग फांदीवर जन्माला येते आणि मातीत मोठी होते.

मातीत जायलाच हवं का? हो. उजेडात टोक फुगत नाही. त्याला अंधार हवा, ओल हवी आणि चारी बाजूंनी मातीचा दाबही हवा. फूल फार उंचावर आलं असेल तर आरी जमिनीपर्यंत पोचतच नाही आणि लटकून सुकते. म्हणून महाराष्ट्रात काही शेतकरी पीक फुलावर आलं की शेतातून चक्क रिकामा ड्रम फिरवतात! फांद्या लवतात, आऱ्या मातीला टेकतात आणि शेंगा वाढतात. आऱ्या घुसल्यावर मात्र खुरपणी बंद, नाहीतर त्या तुटतात.

अजून एक गुपित आहे, आणि मला ते सगळ्यांत भारी वाटतं. मुळांनी शोषलेलं पाणी पानांकडे चढतं, कारण पानांतून सतत वाफ उडत असते. त्या पाण्याबरोबर कॅल्शियमही वर जातं. मातीत पुरलेल्या शेंगेतून वाफ उडत नाही, त्यामुळे पाण्याचा हा ओघ तिच्याकडे फारसा वळतच नाही. पानात गेलेलं कॅल्शियमही साखरेच्या रसाबरोबर खाली उतरत नाही. मग दाणा भरणार कसा? शेंग काय करते, साखर झाडाकडून आरीवाटे घेते आणि कॅल्शियम स्वतःच्या टरफलातून थेट मातीतून पिते! ते कमी पडलं तर शेंगा पोचट निघतात. म्हणून आऱ्या सुटण्याच्या वेळी शेतकरी झाडांजवळ जिप्सम टाकतात. जिप्सममध्ये कॅल्शियम असतं.

आपलं बी आपल्याच पायाशी पुरणाऱ्या या झाडाला प्रवास कसा जमला असेल? त्याला स्वतःला जमलाच नाही. दोन रानटी जातींच्या संकरातून आजचा भुईमूग झाला. त्यातली एक जात मूळच्या जागेपासून दूर माणसांनीच नेली असावी, असं शास्त्रज्ञ जनुकं तपासून सांगतात. पुढे दक्षिण अमेरिकेतून जगभर शेंगा नेल्या त्याही माणसांनीच. आज भुईमूग पिकवण्यात चीन पहिला आणि भारत दुसरा आहे.

हे सगळं घरी बघता येतं. जून-जुलैत एका पसरट कुंडीत भुसभुशीत माती भरा आणि कच्चे दाणे पेरा (खारे शेंगदाणे पेरून कुंडीवर रुसू नका). फूल दिसलं की त्याच्या देठाशी रंगीत दोरा सैलसर बांधा, म्हणजे आरी कुठून निघते ते कळेल. चार-पाच आऱ्या मातीत जाऊ द्या. एका आरीखाली वाटी ठेवा, म्हणजे ती उजेडातच राहील. आणि एका आरीचं टोक ओल्या कापसात गुंडाळून वरून काळा कागद बांधा. तिला अंधार मिळेल, ओलही मिळेल, पण माती नाही. कापूस रोज ओला करा, वहीत नोंद ठेवा आणि तिसऱ्या आठवड्यात कागद सोडून बघा. टोक फुगलेलं असेल की नाही? कागद सोडण्याआधी घरातल्या प्रत्येकाला आपलं उत्तर लिहून द्यायला लावा. हरणाऱ्यानं सगळ्यांना शेंगा भाजून द्यायच्या.