पातळ पत्र्याचा टाका

लोहाराचा भाता आपणांपैकी कोणी पाहिला नाही? नांगराचा फाळ बोथट झाला की तो निखाऱ्यांत घालावयाचा, लाल झाला की ऐरणीवर ठेवून त्यावर घण घालावयाचा. फाळ जाड असतो. आच थोडी अधिक लागली तरी तो ती सोसतो. परंतु फाळावर हात बसलेला तरुण जेव्हा मोटारीच्या कामाकडे वळतो, तेव्हा त्याची पहिली चूक येथेच होते. मोटारीच्या दाराचा किंवा मडगार्डाचा पत्रा बहुधा पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. त्यास फाळाप्रमाणे वागवू गेल्यास सांधा होत नाही, भोक मात्र पडते.

कलबुर्गीहून आळंदकडे जाताना कडगंची लागते. 2009 साली स्थापन झालेले कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ ह्याच गावाच्या परिसरात आहे. रस्त्यावर वाहने वाढली म्हणजे त्यांस पोचे पडणार, त्यांचा पत्रा गंजणार आणि तो सांधणाऱ्या हातांची गरज लागणार. ह्या बाजूची मुले कामासाठी सोलापूर, पुणे, हैदराबाद अशी दूर जातात. गाडीचा पत्रा सांधण्याची विद्या मात्र गावच्या रस्त्यावरही पोट भरू शकते. म्हणून तिचा थोडा विचार करू.

ही विद्या आपल्याकडे कालपरवा आलेली नाही. शेजारच्या सोलापुरात 1882 साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद ह्यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली आणि 1947 साली तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली मोटार बाहेर पडली. पुढे ह्याच कंपनीची पद्मिनी ही मुंबईची टॅक्सी झाली आणि 2023 सालच्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून निवृत्त झाली. समुद्राच्या खाऱ्या हवेने गंजलेला पत्रा कापावा, त्या जागी नवा तुकडा बसवावा, आणि गाडी पुन्हा चालती करावी, हे काम करता करता किती कारागिरांचा हात बसला असेल! त्या काळी ऑक्सिजन व ॲसिटिलिन ह्या वायूंच्या ज्योतीने सांधा करीत. आता बहुतेक ठिकाणी विजेवर चालणारे मिग यंत्र असते. त्याच्या नळीतून बारीक तार आपोआप पुढे सरकते, आणि आर्गॉन व कार्बन डायऑक्साइड ह्यांचे मिश्रण वितळलेल्या धातूस बाहेरच्या हवेपासून जपते. पातळ पत्र्यास 0.6 किंवा 0.8 मिलिमीटरची तार पुरते.

यंत्र बदलले तरी पत्र्याचा स्वभाव बदललेला नाही. तापला की तो पसरतो, निवला की आखडतो. तव्यावरची भाकरी फुगते, तसा एकाच जागी तापलेला पत्रा फुगून येतो. भाकरी खाली बसते, पत्रा मात्र वाकडा तो वाकडाच राहतो. म्हणून नवशिक्याने सर्वप्रथम संयम शिकावा. सलग रेघ ओढण्याचा मोह त्याने टाळावा.

ह्या बाबतीत आपल्या घरची आजी उत्तम गुरू होय. वाकळ शिवताना ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदम शिवीत जात नाही. आधी चारही कोपरे टाचून घेते, मग मधले भाग टाचते, आणि कापड कोठे सरकत नाही हे पाहून पक्की शिवण घालते. पत्र्याचेही तसेच आहे. दोन्ही कडांवरील रंग व गंज आधी खरवडून काढावा, तुकडे नीट जुळवून चिमट्यांनी आवळावे, आणि दोनतीन सेंटिमीटरांवर एकेक ठिपका द्यावा. एक ठिपका येथे दिला, तर दुसरा दूरच्या टोकाला द्यावा. पत्रा हातास सोसेल इतका निवू द्यावा, मग मधल्या जागा त्याच रीतीने भराव्या. जेथे पत्रा आखडून ओढला गेला असेल, तेथे मागे लोखंडी ठोकळा धरून वरून हातोडी हळू चालवावी.

पहिले दिवस रद्दी पत्र्यावर घालवावे. ग्राहकाची गाडी ही सरावाची पाटी नव्हे. भोक पडले, तर आच अधिक झाली किंवा हात एका जागी रेंगाळला असे समजावे. ठिपका वरच मणी होऊन बसला, तर आच कमी पडली. प्रत्येक नमुना उलटून पाहावा, चिमट्यात धरून वाकवावा, फाडून पाहावा. सांधा सुटला तर तो कच्चा. सांधा टिकून शेजारचा पत्रा फाटला, तर हात बसू लागला असे म्हणता येईल.

आता आईबापांनी विशेष लक्ष द्यावयाची गोष्ट. ह्या कामाचा उजेड डोळे भाजतो. त्याची वेदना लगेच होत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. अशा वेळी दूध, मध, झाडपाला काहीही डोळ्यांत न घालता डॉक्टर गाठावा. काळी काच लावलेला मुखवटा, चामडी हातमोजे आणि सुती कपडे ह्यांवाचून मुलास यंत्राजवळ उभे राहू देऊ नये. नायलॉनचा कपडा वितळून अंगास चिकटतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा धूर छातीत गेल्यास रात्री ताप भरतो, म्हणून काम उघड्या हवेत करावे व मुलामा आधी घासून काढावा. गाडीच्या बॅटरीची तार सोडवावी, पेट्रोलच्या टाकीजवळ ठिणगी जाऊ देऊ नये आणि आग विझविण्याचे साधन हाताशी असावे. जेथे अजून वायूच्या ज्योतीवर काम चालते, तेथे ऑक्सिजनच्या नळकांड्यास तेलकट हात लावू नये आणि ॲसिटिलिनचे नळकांडे आडवे ठेवू नये.

पुष्कळ मुले लहानपणीच गॅरेजात घातली जातात. बालमजुरीविषयीच्या 1986 सालच्या कायद्याच्या परिशिष्टात गॅरेजमधील वेल्डिंग व पोचे काढण्याचे काम पुढे घातले गेले. 2016 सालच्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलास मजुरीस ठेवण्यासच मनाई झाली. मुलाने ही विद्या घ्यावी, परंतु ती योग्य वयात व योग्य दाराने. सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा असून तो आठवी उत्तीर्ण मुलासही खुला आहे. 1961 सालच्या कायद्याप्रमाणे त्यापुढे कारखान्यात शिकाऊ उमेदवारी करता येते व विद्यावेतनही मिळते. 2022 सालच्या जून महिन्यात कर्नाटकातील 150 प्रशिक्षण संस्था नव्या यंत्रांनी सुसज्ज करून खुल्या करण्यात आल्या. एक वर्ष कमाई नाही, ही गरीब घराची अडचण खरी आहे. परंतु डोळे गमावून केलेली कमाई किती दिवस पुरेल?

शेवटी एक गोष्ट, जी कोणत्याही यंत्रात नाही. सुताराचा कच्चा सांधा चौकटीत दिसतो, शिंप्याची वाकडी शिवण अंगावर दिसते. पत्र्याचा टाका मात्र पुट्टीखाली जातो, वर रंग चढतो, आणि त्यानंतर तो कोणासही दिसत नाही. वडापाच्या जीपच्या दाराशेजारील खांबास कच्चा टाका घालून वर चकचकीत रंग दिला, तर गिऱ्हाईक खूश होऊन पैसे देईल. परंतु ती जीप उलटेल त्या दिवशी त्या खांबाच्या आत माणसे बसलेली असतील. नव्या मोटारींत काही भाग विशेष कठीण पोलादाचे असतात. आच लागताच त्यांचे बळ जाते. ते सांधू नयेत. कंपनीने सांगितलेल्या रीतीने बदलावे. "हे मला येत नाही" असे गिऱ्हाइकास सांगणे हेही ह्या विद्येतले शिक्षण आहे.

म्हणून मुलगा ह्या धंद्यात जात असेल, तर त्यास यंत्राची किंमत विचारण्यापूर्वी एवढे विचारा: पुट्टी लावण्याआधी तुझा टाका धन्यास दाखविशील काय? जो कारागीर हे धैर्याने करू शकतो, त्याच्या दारी गिऱ्हाईक पुन्हा येते.