घर कोणाच्या भरवशावर?

पाहुणे आले की मी त्यांना आधी गच्चीवर न्यायचो. पाण्याची टाकी भरली की मोटर आपोआप बंद, तिन्हीसांजेला अंगणातला दिवा लागायचा, पहाटे साडेपाचला गिझर सुरू! रास्पबेरी पाय हा पत्त्याच्या पानाएवढा संगणक आणून २०१६ साली त्याचा प्रोग्रॅम मी स्वतः लिहिला होता. त्या ऐटीत मोटरचे भिंतीवरचे बटणही काढून टाकले.

२०२३ च्या पावसाळ्यात कामानिमित्त नागपूरला होतो. रात्री सौभाग्यवतींचा फोन आला. "अहो, लाइट जाऊन आली, पण मोटर चालत नाही. आणि बटण कुठे आहे?"

वीज अचानक गेल्याने संगणकाचे मेमरी कार्ड बिघडले होते. दुरुस्ती कशी करायची ते फक्त माझ्या डोक्यात. फोनवर तासभर सांगूनही जमले नाही. दोन दिवस शेजाऱ्यांकडून बादल्या आल्या आणि आईने तांब्याभर पाण्यात अंघोळ उरकली.

परतल्यावर मनाशी कबूल केले, मी आजारी पडलो तर हे घर माझ्याबरोबर आजारी पडेल.

'होम असिस्टंट' ही तयार प्रणाली मला ठाऊक होती. पाउलस स्खाउत्सेन यांनी २०१३ साली सुरू केलेली, मोफत आणि खुली. सगळा कारभार घरातल्याच संगणकावर, त्यामुळे इंटरनेट बंद पडले तरी दिवे लागतात. २०२४ पासून ती एका ना-नफा संस्थेच्या हाती आहे. सूर्यास्ताची वेळ काढायला मी आठवडा घालवला होता, इथे ती आयती मिळाली. साठवणीची प्रत काढण्याची सोयही आहे. महिनाभर जुने-नवे शेजारी-शेजारी चालवले, एकेक काम हलवले.

सारे गोड नाही. दर महिन्याला नवी आवृत्ती येते, काय बदलले ते वाचूनच ती घ्यावी लागते. आणि जुना प्रोग्रॅम बंद करताना, खोटे कशाला बोलू, जीव हळहळला.

पण मोटरचे बटण भिंतीवर परत आले आहे. शेजारी मराठीत लिहिलेला सूचनांचा कागद.

परवा पुन्हा नागपूरहून फोन केला. "टाकी भरली का?"

"केव्हाच. तुम्ही जेवलात का ते सांगा."