ब्लाइंड फेथ (वाद्यवृंद)

ब्लाइंड फेथ हा इ.स. १९६९ मध्ये उदयास येऊन त्याच वर्षी विसर्जित झालेला इंग्लिश रॉक वाद्यवृंद होय. आधीच नावारूपाला आलेल्या कलावंतांच्या अशा वृंदास ‘सुपरग्रुप’ म्हणतात. ‘ब्लाइंड फेथ’ याच नावाचा त्यांचा एकमेव अल्बम संगीताइतकाच त्याच्या आवरणावरील छायाचित्रामुळे चर्चिला गेला.

सदस्य आणि वाटचाल

एरिक क्लॅप्टन (गिटार) व जिंजर बेकर (ड्रम) हे ‘क्रीम’ या विसर्जित वृंदातील होते. स्टीव्ह विनवूड (गायन, कळफलक वाद्ये) ‘ट्रॅफिक’मधून, तर रिक ग्रेच (बेस गिटार, व्हायोलिन) ‘फॅमिली’मधून आले. ७ जून १९६९ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम विनामूल्य झाला; त्यास सुमारे एक लाख श्रोते जमले होते.

अल्बम

जिमी मिलर यांनी निर्मिलेल्या या अल्बममध्ये सहाच गीते असून बेकर यांची ‘डू व्हॉट यू लाइक’ ही रचना सुमारे पंधरा मिनिटांची आहे. ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांत अल्बमने विक्रीत पहिला क्रमांक मिळवला.

आवरणाचा वाद

आवरणासाठी छायाचित्रकार बॉब सायडमन यांनी अकरा वर्षांच्या मुलीचे, कमरेच्या वर वस्त्र नसलेले छायाचित्र घेतले. तिच्या हातात विमानासारखी चंदेरी वस्तू होती. मानवाची तंत्रविद्या आणि निरागसता यांचे ते प्रतीक असल्याची सायडमन यांची भूमिका होती. त्यांनी चित्रास दिलेले ‘ब्लाइंड फेथ’ हे शीर्षकच पुढे वृंदाचे नाव झाले. अमेरिकेत मात्र वृंदातील कलावंतांचे छायाचित्र असलेले पर्यायी आवरणही काढावे लागले.

छायाचित्रासाठी पालकांची संमती घेतलेली होती. तथापि, आपल्या प्रतिमेचे पुढे काय होईल हे ज्या वयात उमगत नाही, त्या वयातील मुलाच्या वतीने अशी संमती देता येते काय, हा प्रश्न तिने सुटत नाही. बालकांची अशोभनीय छायाचित्रे घेण्यास व प्रसृत करण्यास मनाई करणारा कायदा ब्रिटनमध्ये १९७८ साली, म्हणजे नऊ वर्षांनी झाला.

विसर्जन

अमेरिकेच्या दौऱ्यात श्रोते जुन्या वृंदांच्याच गीतांची मागणी करीत. क्लॅप्टन यांचा ओढाही दौऱ्यातील सहवृंद ‘डिलेनी अँड बॉनी’कडे वाढला. ऑगस्टमध्ये हवाई येथे दौरा संपला आणि वृंदही विसर्जित झाला. पुढे विनवूड यांनी ‘ट्रॅफिक’ पुन्हा उभा केला, तर बेकर यांनी ‘जिंजर बेकर्स एअर फोर्स’ स्थापन केला.