इमारत राजाची, यंत्रे फ्लॅमस्टीडची

ग्रिनिचच्या टेकडीवर वेधशाळा बांधण्याचा हुकूम इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने जून १६७५ मध्ये काढला, पण त्यासाठी खजिन्याला हात लावला नाही. युद्धसामग्री खात्याकडे जुनी, खराब झालेली बंदुकीची दारू पडून होती. ती विकायची आणि येईल त्या पैशात, तेही ५०० पौंडांच्या आत, काम भागवायचे असे ठरले. ६९० पिंपे विकली गेली. विटा टिलबरीच्या किल्ल्यातल्या शिल्लक साठ्यातून आल्या. लाकूड, लोखंड आणि शिसे टॉवर ऑफ लंडनमधल्या एका पाडलेल्या देवडीतून निघाले. टेकडीवर एक जुना बुरूज होता, त्याचा पायाही आयताच मिळाला. १० ऑगस्टला कोनशिला बसली आणि पुढच्या उन्हाळ्यात इमारत राहण्याजोगी झाली. एकूण खर्च ५२० पौंड. सरकारी बांधकाम अंदाजापेक्षा अवघे २० पौंड जास्त लागून पुरे व्हावे, याचे आपल्याला कौतुकच वाटायला हवे.

हाच तो राजा, ज्याला पोर्तुगीज राजकन्येबरोबर मुंबई आंदण मिळाली आणि ज्याने ती १६६८ साली वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. 

वेधशाळा हवी होती ती जहाजांसाठी. भर समुद्रात आपण किती उत्तरेला वा दक्षिणेला आहोत हे ध्रुवतारा किंवा दुपारचा सूर्य पाहून कळे. पूर्व-पश्चिमेचा ठाव मात्र लागत नसे. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे जहाजावरची वेळ आणि मायदेशातली वेळ यांतला फरक कळला की रेखांश कळला. पण डोलत्या जहाजावर महिनोन्‌महिने मायदेशाची वेळ अचूक राखील असे घड्याळ तेव्हा कोणाकडेच नव्हते. मग आकाशालाच घड्याळ करायचे: तारे ही तबकडी आणि चंद्र हा काटा. चंद्र ताऱ्यांमधून तासाला साधारण अर्धा अंश सरकतो. तो अमुक ताऱ्यापासून अमुक अंतरावर दिसला म्हणजे मायदेशात किती वाजले असतील, हे कोष्टकातून काढता येईल.

हीच युक्ती घेऊन सां पिएर नावाचा एक फ्रेंच माणूस दरबारात आला. राजाच्या मर्जीतल्या फ्रेंच डचेसशी त्याची ओळख होती, त्यामुळे त्याला वाटेला लावणे शक्य नव्हते. समिती नेमली गेली. क्रिस्टोफर रेन, रॉबर्ट हुक, युद्धसामग्री खात्याचा जोनास मूर अशी मोठी नावे तीत होती. मूरने डर्बीकडचा आपल्या ओळखीचा एक तरुण सल्ल्याला बोलावला. त्याचे नाव जॉन फ्लॅमस्टीड, वय २८. दुखण्यामुळे पंधराव्या वर्षी शाळा सुटलेली, पुढचे गणित आणि ज्योतिष बहुतेक पुस्तकांतून स्वतःच शिकलेला. त्याने सांगितले की युक्ती खरी आहे, पण तिला लागणारे आकडे जगात कोणाकडेच नाहीत. ताऱ्यांची स्थाने अजून टायको ब्राहीच्या यादीतून घ्यावी लागत. टायकोने ती दुर्बिणीवाचून, नुसत्या डोळ्यांनी मोजलेली होती. चंद्राची कोष्टके तर त्याहून वाईट. चंद्राच्या स्थानात १० कलांची (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) चूक झाली तर वेळेत २० मिनिटांची होते आणि रेखांशात ५ अंशांची. विषुववृत्तावर हे अंतर साडेपाचशे किलोमीटर भरते. एवढ्या अंतरात जहाज खडकावर जायला भरपूर वाव आहे.

सां पिएरचे प्रकरण तिथेच मिटले आणि ४ मार्च १६७५ रोजी फ्लॅमस्टीडला राजाचा खगोलनिरीक्षक नेमले गेले. पगार वर्षाला १०० पौंड, त्यातले १० करापोटी कापले जात. काम असे की ग्रहांच्या गतीची कोष्टके आणि ताऱ्यांची स्थाने सुधारायची. यंत्रांचा मात्र नेमणुकीत कुठे पत्ताच नव्हता.

इमारत रेनने आखली आणि हुकने उभी करून घेतली. वरचा अष्टकोनी दिवाणखाना आजही पाहुण्यांना दाखवतात. उंच खिडक्या, नक्षीचे छत, रुबाब असा की राजाने पाहुण्यांसह यावे. वेध घेण्याच्या दृष्टीने मात्र ही खोली जवळजवळ निरुपयोगी होती. ताऱ्याचे स्थान मोजायला बरोबर दक्षिणोत्तर भिंत लागते आणि जुन्या बुरुजाच्या पायावर बांधल्यामुळे इथली एकही भिंत दक्षिणोत्तर नव्हती. सगळी इमारत साडेतेरा अंशांनी तिरकी. निरीक्षकाच्या राहण्याची सोय आणि थोडा डामडौल यासाठी आपण ही बांधली, असे रेननेच पुढे एका पत्रात लिहिले. ज्या कामासाठी वेधशाळा जगात गाजली ते काम बागेच्या टोकाला, साध्या खोपटांत झाले.

दिवाणखान्यात एक गोष्ट मात्र खरोखर कामाची होती. मूरने स्वतःच्या पैशाने थॉमस टॉम्पिअनकडून दोन घड्याळे करून घेतली होती. टॉम्पिअन म्हणजे त्या काळचा लंडनचा सर्वांत नावाजलेला घड्याळजी. ही घड्याळे लाकडी भिंतीच्या आड बसवलेली, दिसायची फक्त तबकडी. लंबक १३ फूट लांब आणि यंत्राच्या खाली नव्हे, तर वर टांगलेला. साध्या उंच घड्याळाचा लंबक सेकंदाला एक टोला देतो, हा दोन सेकंदांना एक देई. किल्ली वर्षातून एकदा द्यायची. पृथ्वी वर्षभर सारख्याच वेगाने फिरते का, हे तपासायला फ्लॅमस्टीडला ही घड्याळे हवी होती. पृथ्वी तशी फिरत नसेल तर १५ अंशांचा हिशेबच कोसळला असता. व्याधाचा तारा पुनःपुन्हा त्याच जागी आलेला पाहून आणि घड्याळांशी ताडून त्याने उत्तर दिले: फिरते. त्या घड्याळांच्या ताकदीपुरते ते उत्तर बरोबर होते.

७ फूट त्रिज्येचा लोखंडी सेक्सटंटही मूरनेच दिला. दोन माणसांनी दोन दुर्बिणींतून दोन तारे एकाच वेळी धरायचे आणि त्यांच्यातले अंतर वाचायचे, अशी त्याची रीत. मदतीला सरकारने एक मजूर दिला होता. तो अडाणी आणि तुसडा आहे अशी फ्लॅमस्टीडची तक्रार असे, पण लोखंडाचे ते धूड थंडीच्या रात्रभर हलवायचे म्हटल्यावर कोणाचाही स्वभाव बिघडला असता. १६७९ मध्ये मूर वारला आणि पैशाचा तो झरा आटला. फ्लॅमस्टीड शिकवण्या घेऊ लागला. १६८४ पासून सरे परगण्यातल्या बर्स्टो गावची धर्मोपदेशकाची वृत्तीही त्याच्याकडे आली.

१६८८ मध्ये वडील गेले आणि वारशाच्या पैशातून त्याने आपले खरे यंत्र केले. अब्राहम शार्प या कुशल सहायकाने बनवलेले हे भित्तियंत्र १६८९ मध्ये उभे राहिले. पक्क्या दक्षिणोत्तर भिंतीवर ७ फूट त्रिज्येचा, १४० अंशांचा कंस आणि त्यावर सरकणारी दुर्बीण. तारा मध्यान्हरेषेवर आला की एकाच माणसाने दोन नोंदी करायच्या: घड्याळातली वेळ आणि कंसावरची उंची. ताऱ्याचे स्थान निश्चित करायला एवढे पुरते. खर्च १२० पौंड, म्हणजे वर्षाच्या पगाराहून जास्त. टायकोची चूक कलेच्या घरात असे, फ्लॅमस्टीड दहा-पंधरा विकलांपर्यंत (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) पोहोचला. डिसेंबर १६९० मध्ये त्याने वृषभ राशीतला एक मंद ‘तारा’ नोंदवला. तो युरेनस होता, हे पुढच्या शतकात हर्शेलने ग्रह शोधल्यावर जुन्या वह्या चाळताना लक्षात आले.

या वह्यांवरूनच भांडण पेटले. १ सप्टेंबर १६९४ रोजी न्यूटन ग्रिनिचला आला. गुरुत्वाकर्षणाने ग्रहांचे कोडे सुटले होते, चंद्राचे नीट सुटत नव्हते. त्याला चंद्राचे ताजे वेध हवे होते आणि ते जगात एकाच माणसाकडे होते. फ्लॅमस्टीडने सुमारे १५० स्थाने दिली, पण इतर कोणाला दाखवायची नाहीत या अटीवर. न्यूटनला आणखी हवी होती, आणि लवकर. सगळे तपासून, पुन्हा मोजून झाल्याखेरीज काही छापायचे नाही हा फ्लॅमस्टीडचा हट्ट. वीस-वीस वर्षे सरकारी पगार घेऊन या माणसाने छापले काय, हा न्यूटनचा सवाल. माझ्या मते सवाल रास्त होता, तो विचारण्याची तऱ्हा मात्र थोर माणसाला शोभणारी नव्हती.

पुढे न्यूटन रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. राणी ॲनचा नवरा प्रिन्स जॉर्ज याने छपाईचा खर्च उचलला, तेव्हा फ्लॅमस्टीडने अपुऱ्या यादीचे बाड, त्याच्या म्हणण्याप्रमाणे मोहोरबंद करून, न्यूटनकडे सोपवले. १७१० मध्ये राणीच्या हुकुमाने सोसायटी वेधशाळेची तपासनीस बनली. २६ ऑक्टोबर १७११ च्या बैठकीत यंत्रांची अवस्था विचारली गेली. ती माझी स्वतःची आहेत, तुमचा संबंध नाही, असे फ्लॅमस्टीडने सांगितले. यंत्रे नसतील तर वेधशाळा नसल्यातच जमा, असे न्यूटन उखडून म्हणाला आणि शिव्यांवर आला. ही हकीकत फ्लॅमस्टीडच्याच लेखणीची आहे, तेव्हा थोडी सूट द्यावी. पण वादाचे मूळ नेमके इथेच होते. राजाने इमारत दिली आणि हुद्दा दिला. वेध मात्र फ्लॅमस्टीडच्या पैशाने आणि फ्लॅमस्टीडच्या डोळ्यांनी घेतले गेले. मग ते कोणाचे?

१७१२ मध्ये त्याच्या संमतीवाचून ते बाड छापले गेले. संपादक होता एडमंड हॅली, एके काळी त्याच्याच हाताखाली वेध घेतलेला आणि आता डोळ्यांसमोर नकोसा झालेला. प्रती ४००. दोन वर्षांनी राणी वारली, दरबारातले वारे फिरले आणि १७१६ मध्ये विकल्या न गेलेल्या ३०० प्रती फ्लॅमस्टीडच्या हाती आल्या. आपण मान्य केलेली पाने त्याने काढून ठेवली आणि उरलेल्यांची ग्रिनिचच्या टेकडीवर होळी केली.

३१ डिसेंबर १७१९ रोजी तो वारला. ग्रंथ पुरा केला तो त्याची बायको मार्गारेट, शार्प आणि सहायक जोसेफ क्रॉस्थवेट यांनी. १७२५ मध्ये तीन खंड निघाले आणि जवळजवळ ३,००० ताऱ्यांची दुर्बिणीने मोजलेली पहिली मोठी यादी युरोपच्या हाती आली. रेखांशाचा प्रश्न सुटायला आणखी चार दशके लागली, पण चंद्राच्या मार्गाने तो सुटला तेव्हा अशाच यादीचा आधार लागला.

मार्गारेटने वेधशाळा सोडताना सगळी यंत्रे नेली. घड्याळेही नेली. सरकारने हक्क सांगून पाहिला, पण तो टिकला नाही. १७२० मध्ये हॅली नवा खगोलनिरीक्षक म्हणून आला तेव्हा त्याला नुसत्या भिंती मिळाल्या. त्याने खटपट केली आणि युद्धसामग्री खात्याने नव्या यंत्रांसाठी ५०० पौंड मंजूर केले. ही यंत्रे सरकारी मालकीची होती.